हिडकलच्या फुगवट्यात साइड-स्कॅन सोनार: जाळी कुठे अडकतात याचा शोध (प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मे 2025)

5 जानेवारी, रविवार

घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचा फुगवटा दड्डीच्या बाजूला जिथे पसरतो, तिथे तंगुसाची जाळी टाकणाऱ्या चार होड्या आहेत. त्यांच्यासाठी साइड-स्कॅन सोनारने, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनींवरून तळाचे चित्र पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राने, तळ तपासण्याचे हे काम हाती घेतले आहे. धरणाची पूर्ण पातळी 2175 फूट आणि साठा 51 टीएमसी. या पाण्याखाली जुनी शेते, दगडी बांध, विहिरी, घरांची जोती आणि वाळून उभी राहिलेली झाडे गेलेली आहेत. जाळी दरवर्षी त्याच त्या भागात फाटतात, पण नेमकी कशावर फाटतात हे वरून दिसत नाही. अशा जागांची यादी करणे हा पहिला हेतू आहे. अडथळ्यांच्या कडेला मासा थांबतो असे सगळेच सांगतात. ते पडद्यावर पडताळून पाहणे हा दुसरा हेतू. पाण्यावर जाण्याची लेखी परवानगी घेतली आहे. धरणाच्या भिंतीकडे जायचे नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवले आहे.

यंत्र हमिनबर्ड हेलिक्स 7, जुन्या बनावटीचे, 455 आणि 800 किलोहर्ट्झवर चालणारे, वापरलेले, 62,000 रुपयांना घेतले. पडदा स्वच्छ होता, म्हणून मी समाधानाने पैसे दिले आणि तिथेच चूक झाली. ट्रान्सड्यूसरची (पाण्यात राहून ध्वनी सोडणाऱ्या आणि प्रतिध्वनी टिपणाऱ्या भागाची) केबल मधेच तोडून पुन्हा जोडलेली होती आणि जोडावर काळी टेप गुंडाळली होती. घरी हौदात लावून पाहिले तेव्हा उजव्या बाजूला आडव्या रेघांचा पाऊस पडल्यासारखे चित्र येऊ लागले. केबलीतले संरक्षक आवरण तुटले की बाहेरचा विद्युत गोंधळ थेट आत शिरतो. डाग देऊन जोड नीट करून पाहिला, पण रेघा कमी झाल्या नाहीत. अखेर नवा ट्रान्सड्यूसर 16,500 रुपयांना मागवला. वापरलेले यंत्र घेणाऱ्याने आधी पडदा नव्हे, केबल पूर्ण लांबीभर हाताखालून घालून पाहावी.

12 जानेवारी

नवा ट्रान्सड्यूसर आला, पण होडी ठरलेली नव्हती. तात्या (ते साठीच्या पुढचे आहेत आणि या पाण्यात लहानपणापासून जाळे टाकतात) म्हणाले, आपल्या टोपलीतूनच जाऊ. ही गोल टोपलीसारखी होडी, जिला कन्नडमध्ये हरिगोलु म्हणतात, जाळे टाकायला अतिशय सोयीची असते. उथळ पाण्यात ती कुठेही शिरते. साइड-स्कॅनला मात्र ती मुळीच चालत नाही, हे समजायला पूर्ण सकाळ गेली. हे यंत्र एका क्षणी दोन्ही बाजूंच्या तळाची एक अरुंद रेघ टिपते आणि होडी पुढे सरकेल तशा त्या रेघा एकाखाली एक मांडून चित्र तयार करते. होडी सरळ गेली तरच त्या रेघांचा नकाशा बनतो. हरिगोलु वल्ह्याच्या प्रत्येक झटक्याला थोडी फिरते, त्यामुळे पडद्यावर पंख्यासारखे फाकलेले फराटे आले. एकच दगड तीन ठिकाणी दिसला.

याच दिवशी बॅटरीनेही दगा दिला. घरातल्या यूपीएसची जुनी 7 अँपिअर-तासांची बॅटरी नेली होती. दीड तासात विद्युतदाब उतरला आणि यंत्र बंद पडले. नंतर 12 व्होल्ट, 20 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 7,800 रुपयांना घेतली. ती सकाळभर पुरून उरते.

19 जानेवारी

सपाट बुडाची फायबरची होडी भाड्याने मिळाली, लहान आउटबोर्ड इंजिनासह. ट्रान्सड्यूसर मागच्या फळीला, इंजिनाच्या उजवीकडे बसवला, कारण चित्रांत सगळीकडे तसाच दाखवतात. त्यातून दोन अडचणी निघाल्या. इंजिनाचा पाय आडवा येत असल्यामुळे डाव्या बाजूचा तळ जवळजवळ कोरा दिसला. आणि वेग थोडा वाढला की पंख्यामागचे बुडबुडे ट्रान्सड्यूसरखाली येऊन सगळेच पांढरे होऊ लागले. बुडबुड्यांतून ध्वनी पार जात नाही. मोठ्या होडीच्या रुंद फळीवर ही अडचण कदाचित येत नसेल, पण आमच्या होडीच्या फळीवर पुरेशी जागाच नाही.

2 फेब्रुवारी

बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात खांब बनवून घेतला: होडीच्या कडेला शिकंजाने घट्ट बसणारा, खाली ट्रान्सड्यूसर धरणारा, वर उचलून आडवा करता येणारा. पहिला खांब एक इंची नळीचा होता (1,400 रुपये, वाया गेले). ताशी 5 किलोमीटरच्या पुढे तो थरथरू लागला आणि चित्रातली प्रत्येक सरळ भिंत करवतीच्या दातांसारखी दिसू लागली. दुसरा खांब दीड इंची नळीचा केला आणि पुढच्या बाजूला तिरका ताण दिला (2,300 रुपये). थरथर थांबली.

ट्रान्सड्यूसरचा तळ होडीच्या तळापेक्षा हातभर खाली ठेवला आहे, म्हणजे होडी कोणत्याही बाजूला आड येत नाही. तो समपातळीत हवा म्हणून काठावर पाणसळ लावून बसवला होता. पाण्यात तिघे बसल्यावर होडी खांबाच्या बाजूला कलली, एका बाजूची किरणपट्टी जवळच्या तळावर आदळू लागली आणि दुसरी दूर पाण्यातच विरून गेली. आता सगळे आपापल्या जागी बसल्यावर, बॅटरी विरुद्ध बाजूला ठेवून, मगच समपातळी तपासतो. एकदा ठरलेल्या जागा कोणी बदलायच्या नाहीत.

9 फेब्रुवारी

पहिले नीट सर्वेक्षण. पहाटे निघालो, कारण दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि होडी डुलली की चित्रही डुलते. 455 किलोहर्ट्झ, दोन्ही बाजूंना 30 मीटर पल्ला, वेग ताशी 5 किलोमीटरच्या आसपास, खोली 6 ते 9 मीटर. 800 किलोहर्ट्झवर फांद्यासुद्धा वेगळ्या दिसतात, पण पल्ला कमी पडतो. म्हणून आधी 455 वर सगळा भाग घ्यायचा आणि संशयाच्या जागी 800 वर परत यायचे असे ठरवले.

काठालगतचे जुने बांध पहिल्यांदा दिसले तेव्हा तात्यांनी पडद्यावर बोट ठेवून एकामागून एक शेताच्या मालकांची नावे सांगितली. बांध कडक दगडाचे असल्याने उजळ, मधला गाळ मऊ असल्याने काळसर, आणि प्रत्येक बांधामागे सावलीची रेघ. पाण्याखालच्या शेताचा आकार हाताच्या रेषांसारखा समोर उलगडला. या कामात मला मिळालेला सर्वांत मोठा आनंद तो होता.

वळणावर नोंद घेऊ नये. वळताना आतल्या बाजूचे चित्र ताणले जाते, बाहेरच्या बाजूचे आकसते आणि तिथली कोणतीही वस्तू खऱ्या आकारात राहत नाही.

16 फेब्रुवारी

आज एक जाळे फाटले, तेही आम्ही गेल्या रविवारी तपासून मोकळी म्हणून सांगितलेल्या जागी. हे माझ्या आखणीमुळे झाले. होडी ज्या समांतर रेषांवरून नेतो, त्या दोन रांगांमध्ये 40 मीटर अंतर ठेवले होते; प्रत्येक बाजूला 30 मीटर पल्ला असल्याने 20 मीटर भाग दोनदा पाहिला जातो, म्हणून मी निश्चिंत होतो. पण होडीच्या थेट खालचा पट्टा साइड-स्कॅनला नीट दिसत नाही. पडद्याच्या मधोमध जो काळा पट्टा येतो ते पाणी असते, तळ नव्हे, आणि त्याच्या लगतचा तळही दबून येतो. शेजारच्या रांगेवरून हा भाग दिसायचा तर ती रांग पल्ल्याच्या आत हवी, आणि माझी रांग 40 मीटरवर होती. म्हणजे प्रत्येक रांगेच्या खाली एक आंधळी पट्टी सोडून मी पुढे गेलो होतो. त्यातल्याच एका पट्टीत बाभळीचे खोड उभे होते. आता रांगा 25 मीटरवर आहेत. काम जवळपास दीडपट वाढले, पण त्याला इलाज नाही. जाळे ज्यांचे फाटले त्यांना त्याचे पैसे दिले.

23 फेब्रुवारी

मोठे नुकसान. 9 तारखेच्या नोंदी गेल्या. हे यंत्र प्रत्येक नोंदीसाठी एक डॅट फाइल आणि त्याच नावाचा एक फोल्डर तयार करते. खरे प्रतिध्वनी त्या फोल्डरमधल्या फाइलींत असतात. मी घाईत फक्त डॅट फाइली संगणकावर घेतल्या आणि कार्ड पुसले. डॅट फाइल उघडते, तारीख दाखवते आणि आत चित्र नसते. संपूर्ण सकाळ, भाडे, पेट्रोल आणि तात्यांनी नावे सांगितलेले ते बांध, सगळे परत करावे लागणार. यापुढे दोन कार्डे आलटूनपालटून वापरायची आणि घरी पिंगमॅपरमध्ये नोंद उघडून चित्र दिसल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही. पिंगमॅपर हे मोफत सॉफ्टवेअर अशा नोंदी वाचून त्यांचा नकाशा तयार करते. बसवायला दोन संध्याकाळी लागल्या, पण पडद्यावरचे फोटो काढून जोडत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

2 मार्च

बोये टाकून जागा दाखवायच्या होत्या. पहिले तीन बोये चुकीच्या ठिकाणी पडले. पडद्यावर वस्तू होडीपासून 10 मीटर दिसली, म्हणून मी 10 मीटर बाजूला बोया टाकला आणि दोरीला बांधलेला गळ रिकाम्या गाळातून फिरत राहिला. पडद्यावरचे अंतर तिरपे असते, ट्रान्सड्यूसरपासून वस्तूपर्यंतचे. खोली 8 मीटर असेल तर तिरप्या 10 मीटरचे आडवे अंतर 6 मीटरच भरते. तिरप्या 17 मीटरचे 15. म्हणजे दूरच्या वस्तूत फरक थोडा पडतो, जवळच्या वस्तूत फार.

शिवाय जीपीएसची स्वतःची चूक काही मीटरची असते आणि आमचा अँटेना यंत्रातच, म्हणजे खांबापासून जवळपास दीड मीटर पुढे आहे. यावर उपाय म्हणून प्रत्येक संशयित जागेवरून एकदा जाताना आणि एकदा येताना, अशा उलट दिशांच्या दोन रांगा घेतो आणि दोन्ही ठिकाणांचा मध्य धरतो. त्यानंतर टाकलेल्या पाच बोयांपैकी चारांच्या गळाला काहीतरी लागले.

16 मार्च

पूर्वीच्या खोल्या आणि आजच्या खोल्या जुळेनात. यंत्र बिघडले की काय या शंकेने एक तास वाया घालवला. गेल्या दोन आठवड्यांत पाणीच सुमारे दीड मीटर उतरले आहे, हे लक्षात यायला हवे होते. आता काठावरच्या एका खडकावर रंगाने खुणा केल्या आहेत; दर वेळी निघताना पातळी लिहून घेतो आणि सगळ्या खोल्या 9 मार्चच्या पातळीवर आणून वहीत मांडतो. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते, कारण फेब्रुवारीतल्या काही खोल्यांची पातळी आता अंदाजानेच धरावी लागली.

आज सावल्या वाचण्यावर वेळ दिला. आधी मी उजळ ठिपके शोधत असे. आता आधी सावली पाहतो. उजळपणा वस्तू कडक आहे एवढेच सांगतो, तर सावली तिचा आकार आणि उंची सांगते. एका जागी उजळ ठिपका जेमतेम बोटभर होता, पण त्यामागे फांद्या फुटलेली लांब सावली होती, म्हणजे उभे झाड. हिशोब सोपा आहे: सावलीची लांबी गुणिले ट्रान्सड्यूसरची तळापासूनची उंची, भागिले ट्रान्सड्यूसरपासून सावलीच्या टोकापर्यंतचे अंतर. इथे सावली 6 मीटर, उंची 8 मीटर, टोक 24 मीटरवर. म्हणजे झाड 2 मीटर उंच. जाळे तळाशी टाकले तर नक्की अडकेल.

दुसऱ्या जागी उजळ कडे आणि आत काळेभोर वर्तुळ दिसले. तात्या लगेच म्हणाले, "ही थोरली विहीर. हितंच दरवर्षी जाळं जातंय." कडे लंबगोल दिसत होते, वेग कमी केल्यावर ते होडी जाण्याच्या दिशेत ताणले गेले, वेग वाढवल्यावर दबले. विहिरीचा व्यास अशा चित्रावरून ठामपणे सांगू नये.

येता-जाता लोक हुन्नूरच्या विठ्ठल मंदिराबद्दल विचारतात, जे उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते. तिथे यंत्र नेलेले नाही आणि नेणार नाही. पाण्याखालच्या दगडी बांधकामाजवळ खांब आदळण्याचा धोका असतो, आणि तिथे आमची जाळीही पडत नाहीत.

आजवरचा खर्च: यंत्र, नवा ट्रान्सड्यूसर, बॅटरी आणि दोन्ही खांब मिळून 90,000 रुपये. होडीभाडे आणि पेट्रोल दर रविवारी साधारण 900. लाइफ जॅकेट आधीपासून होती. ती नसतील तर हे काम सुरूच करू नये.

6 एप्रिल

पाणी मागे सरकले तसे आम्हीही खाली सरकलो. खोल भागात पांढऱ्या ठिपक्यांचा मोठा थवा दिसला. मासा ओळखण्याची खूण मला एव्हाना माहीत होती: तळापासून वर असलेल्या माशाची सावली त्याला चिकटलेली नसते, थोडी पलीकडे पडते, आणि जितकी ती दूर तितका मासा वर. या ठिपक्यांच्या सावल्या फारशा दिसत नव्हत्या, तरी उत्साहात मी जाळे टाकायला सांगितले. सकाळी जाळे रिकामे निघाले.

नोंद घरी पुन्हा पाहिली. यंत्राच्या सरळ खाली पाहणाऱ्या चित्रात तेच ठिपके तळापासून वर चढणाऱ्या तिरप्या रेघा होते. ते गाळातून सुटणारे वायूचे बुडबुडे होते. पाणी तापले, वरचा दाब कमी झाला की कुजणाऱ्या गाळातून ते अधिक सुटतात. माशाच्या पोटातली हवेची पिशवी आणि बुडबुडा दोन्ही ध्वनी परत फेकतात, त्यामुळे साइड-स्कॅनच्या एकट्या चित्रावर भिस्त ठेवून चालत नाही. आता दहा मिनिटांनी त्याच जागेवर परत जातो. थवा हलतो, बुडबुडे त्याच ठिकाणी राहतात. आणि मासा दिसला तरी तो कटला की रोहू की चिलापी हे यंत्र सांगत नाही.

20 एप्रिल

तीन रात्री एक जाळे जुन्या बांधाच्या कडेने, बांधापासून 5 मीटर सोडून, आणि तेवढ्याच लांबीचे दुसरे मोकळ्या गाळावर टाकले. बांधाकडच्या जाळ्यात तिन्ही रात्री अधिक मासा आला. त्यात दोन मरळ होत्या, ज्या मोकळ्या जाळ्यात एकदाही आल्या नाहीत. तीन रात्रींवरून नियम ठरवता येत नाही, पण महत्त्वाचे हे की बांधालगतचे जाळे तिन्ही वेळा न फाटता वर आले. नेमकी कड ठाऊक असल्याशिवाय इतक्या जवळ जाळे टाकायला कोणी धजत नव्हते.

जागांचे अक्षांश-रेखांश इथे देत नाही, हे मुद्दाम. पाण्यात स्फोट करून मासे मारणाऱ्यांच्या हाती ही यादी पडली तर याच अडथळ्यांत वाढणारी पिल्ले आधी मरतील.

11 मे

फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वेक्षण केलेला बराचसा तळ आता कोरडा आहे. वही, टेप आणि मोबाइल घेऊन भेगाळलेल्या गाळावरून चालत गेलो. यादीतल्या 23 जागांपैकी 17 पर्यंत पोहोचता आले. बाकीच्या अजून पाण्यात किंवा पाय रुतणाऱ्या चिखलात आहेत. 13 बरोबर निघाल्या. दोन ठिकाणी दहा मीटरच्या परिघात काहीही सापडले नाही. एका ठिकाणी मी घराची भिंत म्हणून लिहिले होते, ती शेतातून वेचून टाकलेल्या दगडांची रास निघाली. आणि ज्याला मी झुडूप समजलो होतो ते जुने हरवलेले जाळे होते, एका दगडाला गुंडाळलेले, आत माशांचे काटे. असे जाळे मालकाविना वर्षानुवर्षे मासे धरत राहते. ते तिघांनी ओढून काठावर आणले. अर्धा दिवस त्यातच गेला.

सावलीवरून 2 मीटर ठरवलेले झाड टेपने 1.7 मीटर भरले. जागेवर उभे राहिल्यावर कारण दिसले: जमीन होडीच्या विरुद्ध दिशेला उतरती आहे. उतारावर सावली लांबते आणि वस्तू आहे त्यापेक्षा उंच वाटते. जमीन चढती असती तर उलट झाले असते. विहिरीचे तोंड आडवेतिडवे मोजले, 4.6 मीटर, माझ्या वहीत 5 लिहिले होते.

18 मे

यादी मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून चारही होड्यांना दिली. तिचा कोणाला उपयोग होईना, कारण रात्री जाळे टाकताना मोबाइल कोणी काढत नाही. त्यांची स्वतःची पद्धत आहे: काठावरचे एक झाड आणि त्यामागच्या डोंगराची खाच एका रेषेत आली, आणि दुसऱ्या बाजूला देवळाचा कळस अमुक घराच्या छपरावर आला, की ती जागा. म्हणून आता प्रत्येक क्रमांकासमोर अशा दोन रेषा लिहीत आहोत. आज नऊ जागा झाल्या.

25 मे

पाऊस यंदा लवकर आला. खांब आणि ट्रान्सड्यूसर काढून कोरडे करून ठेवले. केबल सैल वेटोळे करून, घडी न घालता. उरलेल्या जागांच्या रेषा काल छत्री धरून पूर्ण केल्या. शेवटी तात्यांनी ओढ्याच्या जुन्या तोंडाशी आणखी एक जागा दाखवली, जिथे त्यांचे जाळे दोनदा गेले आहे आणि जिथे माझ्या चित्रात फक्त सपाट गाळ आहे. चालत जाण्याआधीच तिथे पाणी चढले. तिला 24 क्रमांक दिला आहे. धरण भरल्यावर पहिली रांग तिथूनच, 800 किलोहर्ट्झवर, उलट दिशांनी दोनदा.